वॉटचं माप आणि दुकानातला मुलगा



दिवाळीची साफसफाई जवळ आली की गालिच्यांचा विषय निघतोच. यंदा आपल्या वाशिंदमधल्या चार-पाच घरांत ‘कार्पेट धुण्याचं मशीन’ घ्यायचं ठरतंय, आणि कल्याणला जाऊन आलेली प्रत्येकजण एकाच मॉडेलचं नाव घेऊन येते. हेच का, विचारलं तर उत्तर ठरलेलं: “दुकानातला म्हणाला, सगळ्यात जास्त हेच जातं.” माझा राग आहे तो या वाक्यावर.

हा ‘दुकानातला’ असतो कोण? मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मशीन दाखवणारी मुलं पुष्कळदा दुकानाची नसतातच. त्यांना प्रमोटर म्हणतात. पगार कंपनीचा, महिन्याचं टार्गेट कंपनीचं. १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सने घरोघर जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकले, ते आपल्यातल्या मोठ्यांना आठवत असेल. टाय लावलेला मुलगा दारात आला की तो कंपनीचा आहे हे आजीलाही कळायचं. त्याचं बोलणं त्या हिशेबानेच ऐकलं जायचं आणि चहा पाजून त्याला परतही पाठवलं जायचं. आता तोच मुलगा दुकानात उभा असतो आणि आपण त्याला तटस्थ सल्लागार समजतो.

मालकाचंही गणित असतं. कशावर मार्जिन जास्त, कुठला माल गोदामात पडून आहे, कशावर स्कीम चालू आहे. हे मी बाहेरून सांगत नाही. आमचंही मिक्सर-पंख्यांचं छोटं दुकान आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात कोणी ना कोणी गल्ल्यावर बसतं. नफा घेण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते मापाबद्दल.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार दिलेत. त्यात एक आहे वजनामापात कमी-जास्त करण्याचा. आपण तो ऐकतो आणि डोळ्यांपुढे किराणा दुकानाचा तराजू आणतो. पण “ताई, हे २००० वॉटचं, ते १२०० चं, म्हणजे हे जास्त खेचणार” हे काय आहे? वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं. धूळ किती खेचतं त्याचं माप वेगळं; खोक्यावर किलोपास्कल किंवा एअर वॉट शोधा, आणि नसेल तर का नाही ते विचारा. युरोपीय संघाने साध्या घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉटची मर्यादा घातली. वर गालिच्यासाठीच्या मशीनने चाचणीत गालिच्यातली किमान ७५ टक्के धूळ उचललीच पाहिजे, अशी अटही. म्हणजे कमी विजेत काम होतं. मग एका मापाची वस्तू दुसऱ्या मापाने विकणं हा अतिचार नाही तर काय?

दुसरी गल्लत ‘वेट अँड ड्राय’ची. ते ड्रमवालं मशीन सांडलेलं पाणी ओढून घेतं, एवढाच त्यातल्या ‘वेट’चा अर्थ. ते गालिचा धूत नाही. धुणारं मशीन निराळं असतं: ते साबणाचं पाणी आत फवारतं आणि परत खेचतं. पण सगळं पाणी परत येत नाही. “दोन-तीन तासांत सुकतं” हे एसी लावलेल्या शोरूममध्ये ठीक आहे. इथे आषाढ-श्रावणात टॉवेल दोन दिवस सुकत नाही, तिथे जाड गालिच्याची खालची बाजू सुकेल? मग वास, मग बुरशी, आणि बुरशी म्हणजे आपल्यासाठी अनंतकाय. जयणा पाळायला मशीन आणायचं आणि घरात फूग वाढवायची! शिवाय त्याचं खास लिक्विड दर वेळी विकत घ्यायचं, हे बिल झाल्यावर कळतं.

गालिच्यात अडकलेले केस आणि धागे काढायला फिरता ब्रश लागतो, नुसतं ओढून ते निघत नाहीत. आणि आपल्यापैकी बहुतेकींकडे मुळात गालिचा नाही, सतरंजी आहे. ती आधी पुंजणीने हलक्या हाताने झाडून घ्यावी आणि मग गच्चीवर झटकावी. हा सल्ला मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

‘बिनव्याजी हप्त्या’लाही भुलू नका. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलंय. तो पैसा कुठून तरी वसूल होतोच.

घ्यायचंच असेल तर घरचं एखादं पायपुसणं पिशवीत घालून न्या आणि त्यावर मशीन चालवून दाखवा म्हणा. पिशवी आणि फिल्टर केवढ्याला पडतात ते विचारा. दुरुस्तीला माणूस वाशिंदला येतो, की तो ड्रम घेऊन कसारा लोकलमध्ये आपण चढायचं, तेही विचारा. पक्कं बिल मागा. बिल नाकारणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. आणि सर्वांत आधी विचारा, “दादा, तुम्ही दुकानाचे की कंपनीचे?”

कंपनीकडून पैसे घेऊन रील करणाऱ्या बाईला ते उघड सांगावं लागतं, तसा २०२२ पासून केंद्राचा नियम आहे. मग दुकानातल्या प्रमोटरच्या छातीवर ‘मी अमुक कंपनीचा’ अशी ठळक पट्टी का नको? सरकारची वाट कशाला बघायची? आपले भाऊ, दीर, सासरे उद्यापासून लावू शकतात.

मी यांना हे म्हटलं. यांचं उत्तर: “मोठ्या दुकानात अशी पट्टी लावली तर कंपनी मुलगा काढून घेईल, आणि त्याचा पगार मालकाच्या अंगावर येईल.” मी विचारलं, आता तो पगार कोणाच्या अंगावर आहे? मशीनच्या किमतीतच आहे ना तो?