अंधारात कळतो कॅमेरा!

सध्या कॉलेजच्या कट्ट्यावर बघा, कुणाच्या तरी मनगटाला एक छोटा चंदेरी डिजिटल कॅमेरा लटकलेला दिसेल. कुणी तो बाबांच्या कपाटातून शोधून काढलाय, कुणी सेकंडहँड उचललाय. फोनचे फोटो 'फारच गुळगुळीत' येतात, म्हणून हा जुना गडी पुन्हा मैदानात! जपानी कंपन्यांनी २०१० मध्ये जगभरात दहा कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे पाठवले होते. २०२३ पर्यंत तोच आकडा वीस लाखांच्याही खाली आला. म्हणजे मेला मेला म्हणता म्हणता तुमच्याआमच्या पिढीने त्याला परत उठवून बसवलंय. छानच आहे की!

पण घेण्याआधी प्रत्येक जण एक प्रश्न विचारतोच. 'रात्रीचे फोटो कसे येतात रे?' आणि समोरून उत्तर येतं, 'सोळा मेगापिक्सल आहे!' हे म्हणजे 'भाजी कशी झालीय?' असं विचारल्यावर 'पातेलं पाच लिटरचं आहे' असं सांगण्यासारखं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. कॅमेऱ्याची खरी परीक्षा अंधारातच होते, आणि ती आपण चुकीच्या पद्धतीने घेतो. आपण 'स्वच्छ' फोटोला चांगला म्हणतो आणि 'दाणेदार' फोटोला वाईट. हा हिशेब मला स्वतःला महागात पडलाय, म्हणून सांगतोय.

आमच्या घरच्या गणपतीत एका वर्षी संध्याकाळच्या आरतीला बाबांनी नवाकोरा कॉम्पॅक्ट कॅमेरा काढला. त्याच वेळी मामानेही त्याच्या कॅमेऱ्यातून एक फोटो घेतला. दोन्हीत आजी निरांजन घेऊन उभी. मामाचा फोटो सगळा रवा सांडल्यासारखा. बाबांचा एकदम साफ, चकचकीत. साहजिकच बाबांचा फोटो सगळ्या नातेवाइकांना गेला आणि मामाचा कॉम्प्युटरच्या कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडून राहिला. पुढे आजी गेली. फ्रेम करायला बाबांचा फोटो मोठा करून आणला, आणि आई तो हातात घेऊन म्हणाली, 'अहो, आईंच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं?'

खरंच नव्हतं. हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके, डोळ्यांशेजारच्या सुरकुत्या, सगळं पुसून तिथे मेणासारखी गुळगुळीत त्वचा. फोटोत आजी होती, पण आमची आजी नव्हती. मग फोल्डर उघडून मामाचा तो 'खराब' फोटो काढला. दाणे होते, पण त्या दाण्यांत तिन्ही ठिपके जागच्या जागी होते. आज भिंतीवर तोच आहे.

हे कसं झालं, ते एकदा समजून घ्या. कठीण काही नाही.

पावसात अंगणात शंभर वाट्या मांडल्यात असं समजा. धो धो पाऊस असेल, तर सगळ्या वाट्या जवळपास सारख्या भरतील. पण नुसती भुरभुर असेल, तर एका वाटीत तीन थेंब, शेजारचीत सहा, तिसरीत एकच. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचे पिक्सल म्हणजे या वाट्या आणि प्रकाशाचे कण म्हणजे थेंब. एका पिक्सलवर दहा हजार कण पडले, तर त्यात साधारण शंभराचा फरक पडतो, म्हणजे एक टक्का. डोळ्याला कळतही नाही. शंभरच कण पडले, तर फरक दहाचा, म्हणजे दहा टक्के. तो दाणा होऊन दिसतो. यालाच आपण 'नॉइज' म्हणतो.

आता अंधार म्हणजे किती अंधार? भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. रात्री आपल्या हॉलमध्ये दिवे लावल्यावर जेमतेम शंभर-दीडशे. म्हणजे हजारभर पट कमी! आणि एका मेणबत्तीपासून एक मीटरवर फक्त एक लक्स. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण ते गुपचूप जुळवून घेतात. कॅमेऱ्याची मात्र पंचाईत होते.

मग कॅमेरा तीन गोष्टी करतो. एक, शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. त्यात हात हलला किंवा माणूस हललं की फोटो फराटा. दोन, आयएसओ वाढवतो. पण आयएसओ वाढवून प्रकाश वाढत नाही हं! रेडिओवर स्टेशन नीट लागत नसताना आवाज मोठा केला की गाण्याबरोबर खरखरही मोठी होते, तसंच हे. आणि तीन, ती खरखर लपवायला आतलं सॉफ्टवेअर फोटोवर इस्त्री फिरवतं. दाणा कुठला आणि गोंदण कुठलं, हे त्या बिचाऱ्याला नेमकं कळत नाही. बारीक दिसलं की पुसून टाक, एवढंच त्याला ठाऊक. माझ्या आजीचे तीन ठिपके त्या इस्त्रीखाली गेले.

म्हणून बॉक्सवर वाचायचंच असेल, तर मेगापिक्सल सोडा आणि दोन आकडे बघा.

पहिला, सेन्सरचा आकार. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुतेक वेळा '१/२.३ इंच' लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो, करंगळीच्या नखाहूनही लहान. 'एक इंच' म्हणवणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो. (हो, तो एक इंच नसतोच; हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून चालत आलंय.) पण क्षेत्रफळ काढा, चौपट आहे. चौपट मोठं अंगण, चौपट पाऊस. सोनीने २०१२ मध्ये आरएक्स१०० हा खिशात मावणारा कॅमेरा याच मापाच्या सेन्सरसह आणला आणि तेव्हापासून छोट्या कॅमेऱ्याकडून लोकांच्या अपेक्षाच बदलल्या.

दुसरा आकडा लेन्सवर कोरलेला असतो. समजा तिथे ३.१-५.९ लिहिलंय. पहिला आकडा झूम न करतानाचा, दुसरा पूर्ण झूम केल्यावरचा. आकडा जितका लहान, तितकी खिडकी मोठी. या लेन्समध्ये पूर्ण झूम केलात, तर आत येणारा प्रकाश साडेतीन पटीहून जास्त कमी होतो. म्हणून रात्री झूमला हात लावू नका, दोन पावलं पुढे जा. हा सल्ला फुकट आहे आणि कोणत्याही कॅमेऱ्याला लागू आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षा. दुकानातल्या झगमगाटात फोटो काढून, मागच्या तीन इंची स्क्रीनवर बघून 'वा, मस्त!' म्हणू नका. त्या स्क्रीनवर सगळेच फोटो मस्त दिसतात. शक्य असेल तर कॅमेरा एका संध्याकाळपुरता मागून घ्या. नसेल, तर स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा, दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात फोटो काढा आणि घरी येऊन बघा.

घरी असाल, तर एक पिवळा दिवा लावा. समोर आजीची गोधडी, पैठणीचा काठ, एखादं वर्तमानपत्र, असं बारीक पोत असलेलं काहीही ठेवा. शेजारी घरातल्या कुणाला तरी बसवा. फ्लॅश बंद. कॅमेरा टेबलावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे हात हलायचा प्रश्न नाही. मग आयएसओ १००, २००, ४००, ८००, १६०० असे ओळीने फोटो काढा. ते कॉम्प्युटरवर उघडा आणि केस बघा, भुवया बघा, गोधडीचे टाके बघा. ज्या आकड्याला टाके मोजता येईनासे होतात, तिथे तुमचा कॅमेरा थकला. मग बॉक्सवर आयएसओ ६४०० का लिहिलेलं असेना!

दाणे दिसले तर घाबरू नका. ते कसे आहेत ते बघा. बारीक, एकरंगी दाणे चालतात; छापल्यावर ते फारसे जाणवतही नाहीत. सावलीत जांभळे-हिरवे डाग पडत असतील, तर ते वाईट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काहीच न दिसणं, नुसता मेणाचा पुतळा. कॅमेऱ्यात 'रॉ' फाइलची सोय असेल, तर ती जरूर वापरा. त्यात सहसा ही इस्त्री फिरलेली नसते. दाणे किती काढायचे, ते नंतर तुम्ही ठरवू शकता.

शेवटची चाचणी, हलणारं माणूस. घरातल्या लहान पोराला त्याच उजेडात उड्या मारायला सांगा आणि कॅमेरा हातात धरून दहा फोटो काढा. दहातले किती स्पष्ट आले? फोकस लागायला किती वेळ गेला? 'स्टॅबिलायझेशन' तुमचा थरथरता हात सांभाळतं, समोरच्याच्या उड्या नाही. हलून पुसलेला चेहरा पूर्ववत करता येत नाही. दाणेदार चेहरा तरी ओळखू येतो. म्हणूनच मी म्हणतो, आयएसओ वाढवा, शटर झटपट ठेवा आणि दाण्यांशी दोस्ती करा.

दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना एक गंमत लक्षात ठेवा. एकाचा फोटो बारा मेगापिक्सलचा आणि दुसऱ्याचा चोवीसचा असेल, तर दोन्ही पूर्ण मोठे करून बघणं म्हणजे एकाला जवळून आणि दुसऱ्याला लांबून बघणं. आधी दोन्ही एकाच मापाचे करा. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या प्रिंटला जेमतेम दोन मेगापिक्सल पुरतात. बाकीचे कुठे जातात, ते विचारा विक्रेत्याला!

आता तुम्ही म्हणाल, 'एवढी उठाठेव कशाला? फोनमध्ये नाइट मोड आहे ना!' मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो खोडणार नाही. गुगलने २०१८ मध्ये पिक्सल फोनवर 'नाइट साइट' आणलं. असे मोड एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकात मिसळतात. स्थिर वस्तूसाठी हे झकासच काम करतं. महागड्या फोनमधले सेन्सरही आता स्वस्त कॉम्पॅक्टपेक्षा मोठे असतात. तेव्हा दोन-तीन हजारांत घेतलेला जुना कॅमेरा अंधारात तुमच्या फोनला हरवेल, या भ्रमात राहू नका. तो घ्यायचा, तर हातात धरायच्या मजेसाठी घ्या, त्या फ्लॅशच्या फटकन उडणाऱ्या उजेडासाठी घ्या. तो फ्लॅशही तीन-चार मीटरच्या पुढे जात नाही, म्हणून तर पुढचा मित्र पांढराफटक आणि मागचा काळोखात, असा तो 'रेट्रो लूक' येतो.

पण परीक्षा फोनचीही हीच घ्या. तिथेही इस्त्री आहेच, उलट जास्त हुशार आहे. सुरकुती पुसते आणि वर तुम्हालाच 'ब्युटी' म्हणून दाखवते.

आपल्याकडचे सगळे मोठे क्षण अंधारात किंवा अर्धवट उजेडातच घडतात. आरती, हळदीची रात्र, कोजागरीची गच्ची, दिवाळीतली पहाटेची अंघोळ. उन्हातले फोटो कुठलाही कॅमेरा चांगले काढतो. तेव्हा या गणपतीत आरतीच्या वेळी फ्लॅश बंद करा, दोन पावलं पुढे जा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा एक फोटो काढा. मग तो मोठा करून बघा. त्यांच्या चेहऱ्यावरची तुम्हाला पाठ असलेली खूण त्यात दिसतेय का?

दिसत असेल, तर तुमचा कॅमेरा चांगला आहे. दाणे कितीही असोत.