कुलकर्ण्याच्या गावातलं दप्तर

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात जांब समर्थला लोक जातात ते रामदासांच्या जन्मस्थानी माथा टेकवायला. मीही टेकवतो. पण त्या घराशी आलं की मला हटकून आठवतात ते सूर्याजीपंत ठोसर. 1608च्या रामनवमीला इथे जन्मलेल्या नारायणाचे, म्हणजेच समर्थ रामदासांचे, वडील या गावचे कुलकर्णी होते. कोणाची जमीन किती, सारा किती भरला, बाकी किती राहिली, हे सगळं गावाच्या वतीनं लिहून ठेवणारा माणूस.

रामदासांच्या दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाची सुरुवातच लेखनक्रियेच्या समासानं होते, त्याचं म्हणूनच मला नवल वाटत नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नका, म्हातारपणी ते वाचता येत नाही, असं समर्थ बजावतात. कागदाच्या कडेनं जागा सोडायला सांगतात. कड झडली तरी अक्षर शाबूत राहावं म्हणून. पुढे मेणकापड, पेट्या आणि कुलपंही येतात. हे दप्तर सांभाळणाऱ्या घरातलंच शहाणपण आहे.

अशा दप्तराचं मोल अलीकडे पुन्हा कळलं. 2023च्या सप्टेंबरात शेजारच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं आणि कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. एरवी कोणी ढुंकून न पाहणाऱ्या खोल्यांची कुलपं निघाली. खासरा पत्रकं, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, जन्म-मृत्यूची रजिस्टरं. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे बरंच दप्तर उर्दूत, काही मोडीत. कागद पुढ्यात आणि वाचणारा माणूस मात्र शोधून आणायचा.

त्या दिवाळीनंतर आजोबांच्या नोंदीसाठी मीही एका कचेरीत गेलो होतो. रजिस्टर निघालं, वरच्या पत्र्यातून ओल झिरपून त्याची वीसेक पानं एकमेकांना चिकटलेली. सुटी होती त्यांना कसर लागलेली. पान उलटताना कडेचा तुकडा माझ्या बोटाला चिकटून आला आणि त्यावर कोणाच्या तरी नावाचं शेवटचं अक्षर होतं. मी ते तसंच जागेवर ठेवलं, पण जीव चरकला. ते कोणाच्या तरी नातवाचं शैक्षणिक दाखल्याचं, जमिनीचं, वारसाचं काम होतं.

सगळं स्कॅन करा, हे आता सगळेच सांगतात. स्कॅनिंग हवंच, जुने सातबारे आणि फेरफार संगणकावर आले, हेलपाटे वाचले. पण चिकटलेलं पान स्कॅन होत नाही, आणि कुठल्या गठ्ठ्यात काय आहे याची यादी नसेल तर स्कॅन केलेला ढीगही ढीगच राहतो. आधी यादी हवी. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतलं दप्तर निवडून, वर्ग लावून, जागेवर बसवलं, तेव्हा टेबलावर संगणक नव्हते. अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, ड वर्ग वर्षाचा, ही विभागणी आजही प्रत्येक लिपिकाला पाठ आहे. ती पाळायला वेळ आणि कोरडी खोली हवी. गाव नव्या तालुक्यात, नव्या जिल्ह्यात गेलं की दप्तरही हलतं. औरंगाबाद आणि परभणीतून जालना जिल्हा निघाला तो 1981 साली, घनसावंगी तालुका त्यानंतरचा. अशा प्रत्येक हलवाहलवीत गठ्ठ्यांची पावती घेणारा माणूस पाहिजे.

जिल्ह्यातल्या दहा-वीस मुलांना मोडी आणि जुनी उर्दू शिकवावी, त्याचं मानधन द्यावं, असं मला मनापासून वाटतं. निकडीच्या वेळी बाहेरून वाचक बोलावण्यापेक्षा ते स्वस्तही पडेल.

आमची नोंद सापडली, ती एका शिपाई काकांमुळे. त्यांनी प्रत्येक गठ्ठ्याच्या रुमालाच्या गाठीत पुठ्ठ्याची चिठ्ठी खोचून ठेवली होती. गाव, साल, जाड ठसठशीत अक्षरात. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. "लोकं लांबून येतात, हात हलवत जायला नको," एवढंच म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि त्या चिठ्ठ्यांची नक्कल कुठेही नव्हती.