तुफैल सरदाराचे धैर्य

सातव्या शतकाच्या आरंभी दौस कबिल्याचा सरदार तुफैल इब्न अम्र मक्केत आला, तेव्हा तिथल्या सत्ताधारी कुरैश कबिल्यातील प्रतिष्ठितांनी त्याला गाठून, महंमदाची वाणी जादूसारखी असून ती बापाला लेकापासून आणि नवऱ्याला बायकोपासून तोडते, तरी तिचा शब्दही ऐकू नका, असे इतक्या आग्रहाने बजावले की काब्याकडे जाताना त्याने कानांत कापूस कोंबला. इब्न हिशामच्या पैगंबरचरित्रातील ही हकीकत आहे. तरीही प्रार्थनेतले काही शब्द त्याच्या कानी पडलेच. आणि त्यानंतर त्याने मनाशी जो विचार केला, तो मला या आख्यानाचा प्राण वाटतो. आपण कवी आहोत, बरेवाईट आपणांस कळते. मग हा मनुष्य काय म्हणतो ते ऐकून, चांगले असेल तर घ्यावे आणि वाईट असेल तर टाकावे, यात प्रत्यवाय कसला? तो पैगंबरांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेला, त्याने कुराणाचे पठण ऐकले आणि इस्लामचा स्वीकार केला.

त्याने तो नाकारला असता, तरीही त्याच्या या विचाराची थोरवी तिळमात्र उणावली नसती. कुरैशांचे भय निराधार नव्हते. काब्याच्या यात्रेवर त्यांचा व्यापार आणि मानमरातब अवलंबून होता, आणि सरदार फिरला म्हणजे कबिला फिरतो हे ते जाणून होते. परंतु भय खरे असले म्हणून श्रवणाची मनाई न्याय्य होत नाही.

पुढे स्वतः तुफैलचीच कसोटी लागली. वडील आणि पत्नी यांनी त्याचे म्हणणे मानले, पण कबिला बधेना, तेव्हा तो उद्विग्न होऊन दौसांना शाप द्यावा अशी याचना घेऊन पैगंबरांकडे आला. त्यांनी शापाऐवजी दौसांना सन्मार्ग लाभावा अशी प्रार्थना केली आणि त्याला सौम्यतेने वागण्यास सांगून परत पाठविले. 628 साली खैबरच्या मोहिमेच्या सुमारास तो 70-80 कुटुंबे घेऊन मदिनेच्या बाजूस आला. हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या वृत्तांतांचे, सर्वांत मोठे निवेदक अबू हुरैरा हे याच दौस कबिल्यातले.

आपल्याकडे मात्र तुफैलसारखे स्वतः ऐकून पारखण्याऐवजी इस्लामविषयी, अनुकूल असो वा प्रतिकूल, ऐकीव माहितीवर निकाल देणारे पुष्कळ आहेत. विनोबा भाव्यांनी तसे न करता अरबी शिकून मूळ कुराणाचा अभ्यास केला आणि ‘कुराणसार’ सिद्ध केले. वाचकांनी मत कोणतेही बनवावे, परंतु तत्पूर्वी निदान तेवढे पुस्तक वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.