गोठवलेल्या मासळीतील जड धातू : युरोपला एक माप, घरच्या ताटाला दुसरे

मुंबई - मॉलच्या शीतकपाटातील मासळीचे पाकीट शहरी ग्राहकाला निर्धास्त करते. वास नाही, माश्या नाहीत, वर तारीख छापलेली. उणे १८ अंश सेल्सियसला जंतूंची वाढ थांबते, हे खरेच. मात्र पारा, कॅडमियम आणि शिसे या जड धातूंवर थंडीचा परिणाम होत नाही. धुतल्याने वा शिजवल्यानेही ते नाहीसे होत नाहीत. मासा पाण्यात असतानाच ते त्याच्या शरीरात साठलेले असतात.

धोका सर्व मासळीत सारखा नसतो. पारा लहान माशांकडून त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांकडे साठत जातो. त्यामुळे तारली-बांगड्यापेक्षा मुशी, कुपा यांसारख्या भक्षक माशांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. मिथाइल पारा गर्भाच्या वाढत्या मेंदूला इजा करतो, हे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या जपानमधील मिनामाता दुर्घटनेने जगाला दाखवून दिले. सुरमईच्याच कुळातील किंग मॅकरेल गर्भवतींनी टाळावा, असा अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे.

माकुलाचे दुखणे वेगळे आहे. त्याच्या पाचक ग्रंथीत कॅडमियम साठते. कारखान्यांच्या सांडपाण्याप्रमाणेच ते समुद्रात नैसर्गिकरीत्याही असते. माकूल साफ न करता अखंड गोठवले, तर साठवणुकीत आणि बर्फ वितळताना ही ग्रंथी फुटून कॅडमियम मांसात उतरू शकते. मानवी शरीरात ते मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षे टिकून राहते. म्हणजेच प्रश्न एका जेवणाचा नसून वर्षानुवर्षांच्या साठ्याचा आहे.

दोन मापे

येथेच खरी विसंगती दिसते. माकूल वर्गासाठी युरोपीय संघाची कॅडमियमची मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम आहे; भारतीय मानकांत ती २ मिलिग्रॅम आहे. परिणामी युरोपने नाकारलेला माल देशात कायदेशीर ठरू शकतो. भारतातून गेलेल्या गोठवलेल्या माकुलाच्या खेपा कॅडमियममुळे युरोपात अडकल्या आहेत आणि अशा नोंदी तेथील इशारा यंत्रणेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. भारतीय मर्यादा आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाशी जुळते, हा बचाव चुकीचा नाही. परंतु आठवड्यातून अनेकदा मासळी खाणाऱ्या किनारपट्टीच्या कुटुंबासाठी ती पुरेशी आहे काय, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

२०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या धास्तीने गोव्यात परराज्यांतील मासळीवर काही दिवस बंदी आली होती. फॉर्मेलिन कागदी पट्टीने ओळखता येते. जड धातूंसाठी मात्र सुसज्ज प्रयोगशाळाच लागते. त्यामुळे हा भार ग्राहकावर टाकता येणार नाही.

मासळी सोडून देणे हा उपाय नव्हे. स्वस्त व उत्तम प्रथिनांचा तो स्रोत आहे. लहान मासळीला प्राधान्य द्यावे, एकाच जातीवर भर देऊ नये, गर्भवती व बालकांना मोठे भक्षक मासे कमी द्यावेत आणि माकूल साफ केलेलेच घ्यावे, एवढी दक्षता घरात घेता येते. बाकीचे काम शासनाचे आहे. देशांतर्गत विक्रीच्या मासळीचे नमुने नियमित तपासून जात व पकडीच्या क्षेत्रानुसार निष्कर्ष जाहीर केले, तर निर्यातीच्या मालाबाबत जी माहिती परदेशी ग्राहकाला मिळते, ती येथील ग्राहकालाही मिळेल.