डबा, ओढणी आणि तीन दगड

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे कळसूबाईच्या पायथ्याशी, बारी गावाजवळ एका शेतात मुक्कामाला गेलो. सामान उतरवताना कळलं, शेगडी आली, सिलिंडर मात्र घरच्या जिन्यातच राहिला! मोठ्यांचं कसंही भागलं असतं. पण भाभींच्या आठ महिन्यांच्या लेकीला पावडरचं दूध लागतं, आणि त्याला उकळलेलं पाणी.

"ओढ्याचं पाणी काचेसारखं साफ आहे," भाईजान म्हणाले. कावीळ आणि टायफॉइडचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. घरात मात्र कोण ऐकतं?

शेतमालकांना विचारून बांधाजवळ चूल मांडली. (अभयारण्याच्या हद्दीत आग पेटवायची नाही, वर जाणाऱ्यांनी पाणी खालूनच उकळून न्यावं.) भाच्याने ओढ्यातून तीन गुळगुळीत दगड आणले. थोड्याच वेळात त्यातला एक फटाक्यासारखा फुटला आणि कपची भाभींच्या पायाशी येऊन पडली. ओल्या दगडात मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग बांधावरचे कोरडे दगड घेतले.

भांडं कुठलं? भाच्याने थर्मासची बाटली पुढे केली. ती आम्ही लगेच काढून घेतली; दुहेरी भिंतीची बंद बाटली विस्तवावर ठेवणं म्हणजे बॉम्बच. पेपर कपातही पाणी उकळतं, कारण आत पाणी असेपर्यंत कागद पेटण्याइतका तापत नाही. पण त्या कपाला आतून प्लास्टिकचा लेप असतो, ते पाणी बाळाला कसं द्यायचं? शेवटी कबाबचा स्टीलचा डबा रिकामा करून राखेने घासला. अम्मींची सुती ओढणी चार पदरी करून पाणी गाळलं आणि डबा चढवला.

तळाशी बुडबुडे दिसले की पाणी उकळलं असं नाही. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट. दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं ठेवतात. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे शिखरावरही एक मिनिट पुरतं. तिथे पाणी 95 अंशांच्या आसपास उकळतं, पण जंतू मरायला तेवढी उष्णता पुष्कळ झाली.

पाणी चांगलं गरम असतानाच पावडर मिसळली, बाटली गार पाण्यात धरून कोमट केली. दूध पिऊन लेक झोपली. त्याच डब्यात पुन्हा पाणी ठेवून फजरच्या वजूलाही गरम पाणी मिळालं.

डब्याचं बूड अजून काळंच आहे. अम्मी म्हणतात, नवीन डबा तुम्हीच आणायचा.