रात्रीच्या भुंग्यालाही रंग दिसतात

अंधारात कोणत्याच प्राण्याला रंग ओळखता येत नाहीत, हे विधान माणसाच्या डोळ्यापुरते खरे आहे. पुणे जिल्ह्यातील भीमाशंकरच्या जंगलातला ‘झायलोकोपा ट्रांक्वेबारिका’ हा भुंगा त्याला सणसणीत अपवाद ठरतो. वाळक्या लाकडात घर पोखरणारा हा भुंगा चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, भुंग्यांनी घराजवळची रंगीत खूण नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात करड्या खुणांपासून वेगळी ओळखली. करडा रंग ठेवण्याला अर्थ आहे: त्याशिवाय प्राणी रंग ओळखतो की केवळ उजळपणा, हे कळत नाही. कार्ल फॉन फ्रिश यांनी 1914 मध्ये मधमाश्यांसाठी हीच कसोटी लावली होती. विशेष म्हणजे या भुंग्याच्या संयुक्त डोळ्यांची रचना दिवसा उडणाऱ्या मधमाश्यांसारखीच आहे; त्यांतील भिंगे मात्र मोठी आहेत.