न्यायाला विज्ञानाचा हात

दहावीनंतर काय करणार, असे विचारले की आपल्या बीड जिल्ह्यातील बहुतेक मुले डॉक्टर, इंजिनिअर किंवा शिक्षक अशीच उत्तरे देतात. ही कामे चांगलीच आहेत. पण ज्यांना विज्ञानाची आवड आहे, त्या मुलामुलींनी आणखी एका वाटेचा विचार करावा, असे माझे मत आहे. ती वाट म्हणजे न्यायसहायक विज्ञान, अर्थात फॉरेन्सिक सायन्स.

टीव्हीवरील मालिकांत तज्ज्ञ क्षणात गुन्हेगार ओळखतो. प्रत्यक्षातले काम संथ आणि चिकाटीचे असते. रक्ताचा डाग, केस, हस्ताक्षर, बोटांचे ठसे तपासायचे आणि जे आढळले तेवढेच लिहायचे. नमुन्याच्या पाकिटावरील मोहोर शाबूत आहे की नाही, याचीही नोंद ठेवावी लागते.

या कामाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. कापसावर औषध फवारताना एखादा मजूर दगावतो. मृत्यू विषबाधेने झाला की आजाराने, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. डॉक्टर शवविच्छेदन करून व्हिसेरा राखून ठेवतात व तो प्रयोगशाळेत तपासला जातो. त्या अहवालावर घरच्यांना मिळणारी मदत अवलंबून असू शकते. कोणावर खोटा संशय असेल, तर त्याची सुटकाही त्यावर अवलंबून असते. म्हणजे हे शास्त्र अपराध्याला पकडते, तसेच निरपराध्याला वाचवते.

या शास्त्राच्या इतिहासात काझी अझिझुल हक यांचे नाव आहे. ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकले आणि पोलीस खात्यात दाखल झाले. हजारो लोकांच्या ठशांतून नेमका एक ठसा कसा शोधायचा, हा प्रश्न होता. त्यांनी गणिताच्या साहाय्याने ठशांची १०२४ गटांत वाटणी केली. हेमचंद्र बोस हे त्यांचे सहकारी होते. कलकत्त्यात १८९७ साली ठशांचे कार्यालय स्थापन झाले. ही पद्धत मात्र त्यांचे इंग्रज अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली.

आपले शिक्षण उर्दूतून झाले, मग हे कसे जमणार, अशी भीती काहींना वाटते. महाविद्यालयात इंग्रजी लागेल, ती मेहनतीने येते. पण आपल्या राज्यात पंचनामा मराठीत लिहिला जातो आणि जबाबही मराठीत नोंदवले जातात. म्हणून मराठी चांगली आली पाहिजे. फिर्याद, जबाब, जप्त, दाखल, मुद्देमाल हे शब्द पाहा. यांतील किती शब्द तुम्हाला उर्दूमुळे आधीच ठाऊक आहेत!

बारावी विज्ञान शाखेतून झाल्यावर हा अभ्यासक्रम घेता येतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. ही व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. त्यामुळे अशा तज्ज्ञांची गरज वाढणार आहे. तरीही पदवी मिळताच नोकरी हाती येईल, असे समजू नका. सरकारी पदे मोजकी असतात आणि त्यांसाठी स्पर्धा असते. म्हणून रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा भौतिकशास्त्राचा पाया आधी पक्का करा. जाहिरात पाहून कुठेही भरमसाट फी भरू नका. संस्थेला मान्यता आहे का, ते आधी विचारा.

हुशारीइतकाच या कामाला प्रामाणिकपणा लागतो. परीक्षानळीला आरोपीचे नाव, जात किंवा धर्म कळत नाही. तपासणाऱ्यानेही तो आपला की परका, हे पाहू नये. ज्याला हे जमेल, त्याने या वाटेने जरूर जावे.